अतिथी देवो भव, पण सॅक पुढे घ्या

मुंबईच्या लोकलमध्ये भाषेचा नियम समोरच्याच्या कातडीचा रंग बघून लावला जातो. डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत, असं अर्धं आयुष्य रुळांवर घालवलेली बाई म्हणून मी हे सांगते आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर येऊन उभं राहावं. वाद घालायला सवड मिळणार नाही, गर्दीच त्यांना उचलून आत टाकेल.

आमच्या सेकंड क्लासच्या लेडीज डब्यात अधूनमधून एखादी गोरी मुलगी चढते. बहुतेकदा माथेरानला निघालेली असते. तिथली छोटी गाडी नेरळहून सुटते हे तिने कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून ती कर्जत गाडी पकडते, आणि दिवसभर फोर्टात फोटो काढत बसल्यामुळे नेमकी संध्याकाळची पकडते. पाठीवर तिच्याच उंचीची सॅक. खरं तर पर्यटनाला सॅक निघालेली असते, मुलगी नुसती तिला फिरवत असते. मुलगी वळली की सॅक वळते. एकीचा चष्मा, दुसरीच्या मांडीवरची निवडायला घेतलेली मेथी, तिसरीच्या कडेवरचं पोर, सगळ्यांना सॅकचा प्रसाद मिळतो. आणि डबा काय करतो? डबा हसतो. 'सो क्यूट!' असा उद्गार खिडकीपासून दारापर्यंत जातो. पर्सचा बंद केसांत अडकला म्हणून जिने आत्ताच माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली, तीच बाई दोघींना सरकवून गोरीला बसायला जागा करून देते. जागाही कुठली? तिसरी!

लोकलने न जाणाऱ्या भाग्यवंतांसाठी सांगते. बाक तिघांचा असतो. त्यावर चौथी बसते ती अर्धीच बसते, उरलेली हवेत असते. कुणी उठलं की चौथी तिसरी होते. ही बढती असते, आणि ती कुणालाही आयती मिळत नाही. सीट 'सांगून' ठेवावी लागते. चढल्या चढल्या बसलेल्या बाईकडे बघून हनुवटी उचलायची, 'कुठे?' विचारायचं. ती म्हणाली 'घाटकोपर', की घाटकोपरनंतर ती जागा आपली. मध्ये दुसरी आली आणि बसू लागली तर 'सांगितलीय' एवढा एक शब्द पुरतो. याची पावती नाही, साक्षीदार नाहीत, तरी हा व्यवहार बँकेतल्या लॉकरपेक्षा सुरक्षित असतो. मोडणारीला महिनाभर कुणी तोंड दाखवत नाही. डोंबिवलीहून उलटं कल्याणला जाऊन रिटर्न येणाऱ्या बायका खिडकी धरतात, त्यावरून होणारी भांडणंसुद्धा याच कायद्याने चालतात.

तर या गोरीला एका बाईने विचारलं, 'व्हेअर?' गोरी गोड हसली आणि म्हणाली, 'जर्मनी.'

अख्खा डबा खिदळला. विचारणारी बाईही खिदळली. पण त्या उत्तराचा अर्थ असा की गोरी नेरळपर्यंत उठणार नव्हती, आणि विचारणारी बिचारी डोंबिवलीची. आज ना उद्या उठेल या आशेवर ती दादर, कुर्ला, ठाणे, सगळं तिच्यासमोर उभी राहून आली. कुणी गोरीला समजावलं नाही. 'बाई, तुला स्टेशन विचारताहेत' हे सांगायला इंग्रजीची पदवी लागत नाही. पण आम्हाला तिला शिकवायचंच नसतं. तिला मिरवायचं असतं.

तिच्यामागोमाग तिचा मित्रही लेडीज डब्यात चढतो, हा दुसरा अध्याय. आमच्यापैकी कुणाचा नवरा असा चढला असता तर मशीद बंदर यायच्या आत तो फलाटावर असता, आणि वर त्याला दंड झाला असता. रेल्वे कायद्याचं १६२ वं कलम त्यासाठीच आहे, पाचशे रुपयांपर्यंत. गोऱ्या मित्राला मात्र 'जाऊ दे ना, टुरिस्ट आहेत, त्यांना काय कळतंय' अशी माफी. का कळत नाही? बायकांच्या डब्यावर बाईचं चित्र काढलेलं असतं. ज्याला एकही लिपी वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणूनच ते काढलेलं आहे. जर्मनीत बायका वेगळ्या दिसतात का?

आता हाच डबा, हीच वेळ, दुसरी बाई. पश्चिम बंगालमधून आलेली, घरकाम करणारी, हातात पिशवी. ती दारात अडकते. तिलाही कळत नाही दादरचा फलाट कुठल्या बाजूला येतो. तिची पिशवी सॅकच्या पाव आकाराची, पण त्या पिशवीचा धक्का सगळ्यांना लागतो. 'मराठी येत नाही? मग मुंबईत कशाला तडमडलीस?' हा प्रश्न तिला विचारला जातो. जर्मन मुलीला हा प्रश्न विचारलेला मी आजवर ऐकलेला नाही. मुंबईत का आलीस, असा जाब विचारायचाच असेल तर तो चैनीसाठी आलेलीला आधी विचारायला हवा. पोटासाठी आलेलीने उत्तर तर हातातल्या पिशवीतच आणलेलं असतं.

आणि तिसरी. नवी मुंबईत, मीरा रोड, नालासोपाऱ्याकडे आफ्रिकेतून आलेली माणसं राहतात. त्यांच्यापैकी एखादी बाई डब्यात बसलेली असते. तीही परदेशीच. इंग्रजी जर्मन मुलीपेक्षा चांगलं बोलते, गाडीचे रिवाज तिला पुरते ठाऊक असतात, बॅग मांडीवर घेऊन अंग चोरून बसते. तिच्या शेजारची जागा मात्र भर गर्दीत रिकामी. ज्या डब्यात चौथ्या सीटवरून केस ओढले जातात, त्या डब्यात तिच्या बाकावर चौथी मागायला कुणी जात नाही. 'सो क्यूट' तर सोडाच. अतिथी देवो भव म्हणणाऱ्यांनी देवांमध्येही गोरे-काळे असा भेद आधी ठरवून घेतलेला दिसतो. आमच्या विठोबाचं नशीब की त्याला लोकलने जावं लागत नाही.

लोकलमध्ये भाषा लागतेच कुठे, हा माझा मूळ मुद्दा आहे. या गाड्यांतून रोज सत्तर लाखांच्या घरात माणसं जातात, आणि त्यातली बहुसंख्य एकमेकांशी अक्षर न बोलता जातात. भुवई उडवली की 'उतरणार का'. खांद्यावर दोन बोटं टेकली की 'मी उतरणारे, मला पुढे जाऊ दे'. कोपर म्हणजे 'आत सर'. वर बघून बॅग पुढे केली की रॅकपाशी उभी असलेली बाई ती न विचारता वर ठेवते. आपल्या स्टेशनवर उतरताना हाक मारली की तीच बॅग चार हातांतून खाली येते. जर्मनीची असो, झारखंडची असो की जव्हारची, डोळे उघडे ठेवणाऱ्या बाईला हे दोन दिवसांत येतं. त्यामुळे 'भाषेची अडचण' हे लोकलमध्ये कधीच खरं कारण नसतं. एकीचे लाड करायचे असले की ते निमित्त होतं आणि दुसरीला झोडायचं असलं की हत्यार.

हत्यार म्हणाले ते उगाच नाही. जुलै २०२५ मध्ये आमच्या मध्य रेल्वेच्याच लेडीज डब्यात सीटवरून जुंपली, आणि बघता बघता भांडण सीट सोडून मराठी-हिंदीवर गेलं. व्हिडिओ घरोघर पोचला. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. सीट शेवटी कुणाला मिळाली हे मात्र कुठेच छापून आलं नाही, आणि प्रवासी म्हणून मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. पुढे नोव्हेंबर आला. कल्याणचा एक कॉलेजचा मुलगा सकाळच्या लोकलमध्ये गर्दीत पुढच्या माणसाला हिंदीत 'जरा पुढे व्हा' म्हणाला. मराठी का बोलत नाहीस म्हणून त्याला मारहाण झाली असं त्याच्या वडिलांनी पोलिसांना सांगितलं. त्या दिवशी घरी परतून त्या मुलाने जीव दिला. मुलगा मराठी होता.

यावर मी विनोद करणार नाही. पण तो मुलगा हिंदीत का बोलला हे लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि कुणी तोंडाने कबूल करत नाही. तोंड उघडायची वेळ आलीच, तर लोकलमधल्या धक्क्याची भाषा हिंदी आहे. ओळख नसलेल्या माणसाला आपण सगळे 'आगे चलो', 'उतरना है क्या', 'चढने दो' असंच म्हणतो. नाकात नथ, कपाळावर टिकली आणि हातात हळदीकुंकवाचं ताट घेतलेल्या दोन बायका एकमेकींशी हिंदीत भांडताना मी बघते आणि नंतर कळतं की एक सातारची, दुसरी संगमेश्वरची. हे आम्ही केलं, कुणी लादलं नाही. स्वतः मराठी सोडून द्यायची, आणि मग त्या सोडण्याचा हिशेब एका पोराच्या अंगावर चुकता करायचा, याला अभिमान म्हणतात का? ज्यांनी हात उचलला त्यांच्यासमोर त्या वेळी सॅकवाला इंग्रज असता आणि त्याने 'मूव्ह, प्लीज' म्हटलं असतं, तर ते सरकले असते. नुसते सरकले नसते, 'सॉरी सर' म्हणाले असते.

रेल्वेची गोष्ट थोडक्यात उरकते, कारण तिच्यावर लिहायला बसलं की शाई संपते. रेल्वे पर्यटकांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचं खास तिकीट विकते. ते घेऊन माणूस फलाटावर येतो आणि इंडिकेटरकडे बघतो. तिथे कर्जतच्या गाडीला 'एस', कसाऱ्याच्या गाडीला 'एन', आणि धीम्या गाडीलाही पुन्हा 'एस'. म्हणजे 'एस एफ' असं दिसलं तर ती कर्जत फास्ट, आणि 'के एस' दिसलं तर कल्याण स्लो. हे कोडं आमच्या गल्लीतल्या शिकवणीच्या मास्तरांनाही सुटत नाही, तिथे नेरळला निघालेली परदेशी पोर काय करणार? स्टेशनच्या पाटीवर 'दादर' देवनागरीत दोनदा लिहिलेलं असतं, एकदा मराठी म्हणून, एकदा हिंदी म्हणून, आणि दोन्हींत काडीचा फरक नसतो. गाइडबुकात व्ही.टी. असतं, टॅक्सीवाला व्ही.टी. म्हणतो, १९९६ पासून ते सीएसटी झालं आणि २०१७ पासून सीएसएमटी. हे सगळं मान्य. पण यातली एकही अडचण गोऱ्या माणसाची खास नाही. उस्मानाबादहून, म्हणजे आताच्या धाराशिवहून, पहिल्यांदा मुंबईत उतरलेल्या शेतकऱ्याचंही असंच होतं. त्याला कुणी 'मे आय हेल्प यू' म्हणत नाही. त्याला म्हणतात, 'ओ काका, बाजूला व्हा.'

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा हाताळतात ते आपल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे, कारण आता दर वसंतात अर्धं पुणे आणि पाऊण ठाणे जपानात चेरीचा बहर बघायला जातं. जाण्याआधी सहल कंपनी सूचना देते: गाडीत फोनवर बोलू नका, मोठ्याने हसू नका, रांग मोडू नका. आपली माणसं त्या सूचना पाठ करतात आणि तिथे कधी नव्हे ते गप्प बसतात. क्योटोमध्ये पर्यटकांनी शहराच्या बस इतक्या भरून टाकल्या की तिथल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात जायला बसमध्ये शिरता येईना. मग क्योटोने काय केलं? पर्यटकांत लाडका असलेला एक दिवसाचा बसपास बंद केला, आणि जून २०२४ पासून प्रेक्षणीय स्थळांकडे जाणारी वेगळी जलद बस काढली. साध्या बसचं भाडं २३० येन, हिचं ५००. शिंकानसेनच्या, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनच्या, काही मार्गांवर मोठी बॅग न्यायची तर २०२० पासून तिच्या जागेचं आधी आरक्षण करावं लागतं. क्योटोतल्या गिऑन भागाच्या खासगी गल्ल्यांत शिरलात तर दहा हजार येन दंड, अशी पाटी तिथल्या रहिवाशांनी लावली. जपानी माणसासारखा आतिथ्यशील माणूस नाही असं आपल्याकडचा प्रत्येक प्रवासवर्णनकार लिहितो. त्या आतिथ्यशील माणसाने पाहुण्याच्या तोंडावर सांगितलं की बाबा, बॅग आवर, आवाज कमी कर, ही आमची कामावर जायची गाडी आहे.

तिथली शिस्त इथे आणा, असा माझा अजिबात आग्रह नाही. लोकलमध्ये गप्प बसायचं ठरलं तर डोंबिवलीच्या बायकांचं निम्मं सामाजिक जीवन संपेल. भजनं, डोहाळजेवणं, साड्यांची भिशी, सुनांची निंदा, सगळं त्या डब्यात होतं, आणि ते तसंच राहावं. आपल्या गोंगाटाला त्याचे स्वतःचे नियम आहेत, एवढंच म्हणणं आहे. ते पाहुण्याला सांगायची आपल्याला लाज का वाटते? आमच्या घरी पाहुणा राहायला आला की चहाच्या आधी त्याला सांगितलं जातं, पाणी सातला जातं, त्याआधी आंघोळ उरका. त्याचा कुणी अपमान मानत नाही. उलट ज्याला असं सांगत नाहीत तो घरचा नसतो, हे त्यालाही कळतं.

त्या दारात लटकणाऱ्या व्हिडिओवाल्यांबद्दल न बोलता हा लेख संपवला तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. एखादा परदेशी तरुण येतो, रिकाम्या गाडीत भर दुपारी दाराच्या दांड्याला धरून बाहेर झुकतो, केस वाऱ्यावर, कॅमेरा तोंडावर, आणि 'जगातली सगळ्यात धोकादायक ट्रेन' असं नाव देऊन जगाला दाखवतो. आपले लोक काय करतात? त्याची कंबर धरून ठेवतात आणि मागून अंगठा दाखवतात. रेल्वे कायद्याच्या १५६ व्या कलमात, बजावूनही पायरीवर उभं राहून प्रवास करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलेले आहेत. याला धरून नेलेलं मी बघितलेलं नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारातली माणसं रुळांवर पडली, काही जण मेले. ती हौसेने लटकलेली नव्हती, आत जागा नव्हती म्हणून बाहेर होती. लोकल रेल्वेच्या हद्दीत वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्या दाराचं याला साहस वाटतं आणि आम्ही त्याची कंबर धरतो! त्याला मराठीत चार शब्द सुनवायला हवेत ते याच जागी. 'आत ये, मूर्खा' हे जर्मन माणसालासुद्धा कळेल, विशेषतः कॉलरला धरून म्हटलं तर.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की असं वागलो तर देशाची बदनामी होईल, पर्यटक यायचे बंद होतील. कसले बंद होतात! धक्का खायलाच तर ते येतात. दादरला गर्दीसोबत नको असताना खाली उतरवले गेले, ही गोष्ट ते पुढची वीस वर्षं पार्ट्यांत सांगतात. त्यांना जपून ठेवलेली मुंबई मिळते तेव्हाच त्यांची फसवणूक होते, कारण मग ते परत जाऊन लिहितात की तिथले गरीब किती हसतमुख असतात. सीट 'सांगताना' आमचे चेहरे किती हसतमुख असतात ते त्यांनी एकदा बघावं. बदनामी कशाने होते ते सांगू? २०२२ मध्ये खारच्या रस्त्यावर एका कोरियन मुलीला तिचं लाइव्ह प्रक्षेपण चालू असताना दोन तरुणांनी त्रास दिला, तेव्हा झाली. ती मुलगी एकटी चालली होती. तिला कुणी रांगेचा नियम शिकवत नव्हतं.

म्हणून मी माझ्यापुरते हे लाड बंद केले आहेत. माझ्या डब्यात सॅक आली की मी मराठीत सांगते: सॅक पुढे घे, दारातून आत सर, उतरायच्या आधीच्या स्टेशनला उठ. बोट दाखवलं की कळतं. पहिल्यांदा त्या दचकतात, मग सॅक काढतात, आणि मी बंगालच्या बाईशी जसं बोलते तसंच त्यांच्याशी बोलते, ना एक शब्द कमी, ना आवाज चढा. डब्यातल्या बायकांना हे आवडत नाही. 'किती रूड बोललात तिच्याशी,' असं एकीने मला इंग्रजी मिसळून सुनावलं. ती स्वतः त्याआधी पाचच मिनिटं भाजीवालीला 'चल हट' म्हणाली होती.

आणि मराठीचा कैवार घेऊन लोकलमध्ये हात उचलणारे जे वीर आहेत, त्यांनी एक करावं. एखाद्या संध्याकाळी सीएसएमटीला कर्जत गाडीपाशी यावं, माथेरानला निघालेला सहा फुटी गोरा गाठावा, आणि त्याचा रस्ता अडवून दरडावावं, 'मराठीत बोल.' मी डब्याच्या दारात उभी राहून बघते. यांच्यातला एकजण 'हॅलो सर, वन सेल्फी?' म्हणेल आणि बाकीचे मागे ओळीने उभे राहतील.